प्रियाच्या मानेत अडकलेली जीभ

मामांच्या पडवीतली प्रिया स्कूटर बाहेर काढायचं ठरलं तेव्हा मला काळजी होती ती इंजिनाची. चौदा वर्षं एका जागी उभी गाडी, पिस्टन सिलिंडरला चिकटला असणार असं धरूनच मी चाललो होतो. प्लग काढून आत थोडं तेल सोडलं, तासाभरानं किक हातानं दाबली, तर पिस्टन निमूट खालीवर झाला. अडलं ते भलतीकडेच. हँडल पूर्ण डावीकडे वळवून लॉक केलेलं, किल्लीचा पत्ता नाही, आणि किल्लीच्या भोकात मातीचं टणक बूच. कुंभारीण माशीनं तिथं घर बांधलं होतं.

पुढं मी जे केलं त्यातलं जवळजवळ निम्मं चुकलं, म्हणून हे प्रकरण क्रमानं लिहून ठेवतोय. जुन्या गाडीचं हँडल लॉक अडकलं की 'ग्राइंडर मार' हा सल्ला पानटपरीवरही मिळतो. माझं म्हणणं एवढंच, की 'लॉक अडकलं' या एका नावाखाली दोन वेगळी दुखणी असतात. एकात कुलपाची जीभ आत धरलेली असते. दुसऱ्यात कुलपाचा सगळा देहच चासीच्या भोकात चिकटून बसलेला असतो. पहिल्याचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. माझ्या गाडीला दोन्ही होती आणि मी चार दिवस तिसऱ्याच दुखण्यावर तेल ओतत बसलो.

गाडी आणि तिची मान

प्रिया ही साताऱ्याची लेक. बजाज आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया बनू लागली. मामांची गाडी १९७८ ची. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. मामी अजून सांगते, की लग्न आधी झालं आणि गाडी नंतर आली, नोंदणी मात्र गाडीची आधीची होती.

बजाजचा, वेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाजिओशी असलेला करार १९७१ मध्ये संपला, तरी या गाड्यांचं हाडपेर वेस्पाचंच राहिलं. मोटरसायकलसारखी नळ्यांची चासी इथं नाही. दाबून घडवलेल्या पत्र्याची पेटी हीच चासी. तिच्या पुढच्या टोकाला एक उभी नळी वेल्ड केलेली असते, तिला मी मान म्हणतो. मानेतून फोर्कची नळी खाली उतरते. वर हँडल, खाली एकाच अंगानं चाक धरणारा फाटा.

कुलूप या मानेवर, चालवणाऱ्याच्या बाजूला. हँडल डावीकडे पूर्ण न्यायचं, किल्ली फिरवायची, कुलूप आत दाबायचं, किल्ली परत फिरवून काढून घ्यायची. दाबलं की कुलपाच्या पाठची पोलादी जीभ मानेच्या भोकातून फोर्कच्या नळीतल्या खाचेत शिरते. उघडताना किल्ली फिरली की स्प्रिंग कुलपाला बाहेर ढकलते. आणि फोर्कची ही नळी पोकळ असते. पुढच्या ब्रेकची केबल आणि स्पीडोमीटरची केबल तिच्याच पोटातून खाली चाकापर्यंत जातात. हे एवढं ध्यानात ठेवा, ड्रिल हातात घेतल्यावर उपयोगी पडेल.

पडवीतून बाहेर

गाव वाईच्या पश्चिमेला, धोमच्या अंगाला. तिथला पाऊस नुसता पडत नाही, चार महिने मुक्कामाला येतो. पडवी कोरडी होती, पण हवा ओलीच. गाडीच्या पुढ्यात भाताची पोती रचलेली होती आणि त्यातली दोन उजव्या मुठीवर रेलून राहिली होती. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि विसरून गेलो. तेव्हाच थांबून विचार केला असता तर बरं झालं असतं, पण ते पुढं.

लॉक असलेली स्कूटर हलवणं हा वेगळाच खेळ आहे. ढकलली की ती गोल फिरते, दाव्याला बांधलेल्या रेडकासारखी. शेवटी शेजाऱ्यांची दुधाचे कॅन न्यायची ढकलगाडी मागून आणली, पुढचं चाक तिच्यावर चढवून बांधलं आणि मागच्या चाकावर गाडी नेली. छोटा हत्ती दारात उभा होता. चार माणसं, एक फळी आणि ड्रायव्हरच्या भरपूर सूचना, अशी ती चढली.

निघताना मामीचा पुतण्या हळूच म्हणाला, "दादा, मागं एकदा मी पण ट्राय केलेला."

"काय केलंस?"

"हँडलला पाइप घालून झटका दिला. तुटतंय म्हणतात ना लॉक. न्हाई तुटलं."

त्याआधी त्यानं घरात सापडलेली एक किल्ली आत घालून फिरवली होती. ती भोकातच मोडली. पुढं कळलं की ती डिक्कीची होती.

आणखी एक गोष्ट आधीच उरकली, ती कागदाची. गाडी मामांच्या नावावर, मामा गेलेले. वारसाच्या नावावर करायला आरटीओत नमुना ३१ लागतो, तो मामीच्या सहीनं भरून ठेवला. गावातल्या किल्लीवाल्यानं हात लावण्याआधी आरसी बुक दाखवा म्हटलं आणि मला ते आवडलं. कुणाच्याही गाडीचं लॉक तोडून देणारा माणूस नको असतो आपल्याला.

ग्राइंडर मारायचा नाही हे त्याच वेळी ठरलं होतं. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासीत मोठा फेरफार नसलेली गाडी असेल तर पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. १९७८ ची गाडी २०२८ मध्ये तिथं पोचते. दोन वर्षं आधी तिची मान कापून परत वेल्ड करण्यात काय शहाणपण? शिवाय शील्डवरचा, म्हणजे पायांपुढच्या पत्र्यावरचा, रंग अजून मूळचा होता. मामांनी दर दिवाळीला मेण लावून राखलेला.

चार दिवस तेल

गोंदवणीची सुई रॉकेलात बुडवून माशीचं घर आधी उकरून काढलं. आत मेलेल्या अळ्या, कोळ्यांची टरफलं आणि बारीक माती. कुंभारीण भक्ष्य आणून ठेवते आणि मग दार लिंपते, हे शाळेत शिकलो होतो. कुलूप तिला आयतं कोनाडं मिळालं होतं. त्यामागं मोडलेल्या किल्लीचा तुकडा चमकत होता. सोनाराकडून बारीक करवतीचं पातं आणलं, दाते बाहेरच्या बाजूला वळतील असं धरून तुकड्याच्या कडेनं आत सरकवलं आणि ओढलं. सातव्या-आठव्या खेपेला तुकडा आला.

मग तेल. बरेच जण पॉवर स्टिअरिंगचं तेल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून वापरतात, आणि त्याचं भिनणं चांगलं असतं यात वाद नाही. पण ॲसिटोन जुन्या रंगाला खातं, म्हणून मी ते टाळलं. रॉकेलात पातळ तेल मिसळून सिरिंजनं रोज सकाळ-संध्याकाळ सोडत राहिलो. चौथ्या दिवशी किल्लीवाल्यानं कोऱ्या किल्लीवर ठसे घेत घेत किल्ली घडवली. हे त्याचं कसब बघण्यासारखं होतं. किल्ली आत घालायची, जरा पीळ द्यायचा, बाहेर काढून भिंगाखाली कुलपातल्या पत्त्यांनी, म्हणजे किल्लीनं सरकणाऱ्या पातळ पट्ट्यांनी, पितळेवर उठवलेली टिंबं बघायची, तिथंच कानशीचा एक हात मारायचा. पाऊण तासानं किल्ली थोडीशी फिरली. थोडीशीच. घड्याळाच्या काट्याच्या दोन मिनिटांएवढी. आणि थांबली.

तो म्हणाला, "साहेब, पत्त्या सगळ्या बसल्यात. कुलूप मोकळं आहे. आता अडलंय ते माझ्या हद्दीत नाही."

मला ते पटलं नाही. अजून तेल हवं असं वाटलं. खरं तर त्याच वाक्यात निदान होतं. कुलपाचं आतलं यंत्र चालत होतं. स्प्रिंगनं बाहेर ढकलूनही देह बाहेर येत नव्हता, म्हणजे एक तर जीभ धरलेली होती, नाही तर देह चिकटलेला होता. या दोन्हींवर किल्लीच्या भोकातून सोडलेलं तेल पोचत नाही.

नळीच्या पोटातून बघितलं तेव्हा

पाचव्या दिवशी हँडल उतरवलं. हेडलाइट काढला, स्पीडोमीटरची केबल वरून सोडवली, ब्रेकची केबल लिव्हरपासून मोकळी केली, हँडलखालचा पकडीचा बोल्ट सैल करून हँडल वर ओढलं आणि गोणपाटावर आडवं ठेवलं. आता फोर्कच्या नळीचं वरचं तोंड उघडं. केबली खालून ओढून काढल्या. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला.

जीभ दिसली. खाचेतून आत आलेली आणि टोकाकडे एका अंगाला वाकलेली, दोनेक मिलिमीटर. पाइप घालून दिलेल्या झटक्याचं ते काम. पोलादाची म्हणून तुटली नाही, पण मुडपली. वाकलेलं टोक ज्या भोकातून आत आलं त्यातून परत बाहेर निघणं शक्यच नव्हतं, मग किल्ली कितीही चांगली असो. शिवाय खाचेची एक कड जिभेवर घट्ट टेकलेली दिसली, दुसऱ्या अंगाला उजेड दिसत होता. तेव्हा ती भाताची पोती आठवली. उजव्या मुठीवर वर्षानुवर्षं रेलून ती हँडलला सरळ करायला बघत होती आणि ते सगळं ओझं जिभेवर येत होतं. पोती काढल्यावरही दाब गेला नव्हता, कारण मुडपलेलं टोक आता खाचेतच चेपलेलं होतं.

इथं एक साधी चाचणी सांगतो, जी मी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. लॉक असलेलं हँडल हातानं हलकेच दोन्हीकडे हलवून बघावं. किंचित खुळखुळ जाणवली तर जीभ मोकळी आहे आणि दोष कुलपात आहे. अजिबात हलत नसेल तर जीभ दाबाखाली आहे. मग हँडल ज्या बाजूला लॉक होतं त्याच बाजूला आणखी दाबून धरून किल्ली फिरवावी. अडकलेली बरीच लॉक एवढ्यावर सुटतात. माझं हँडल भिंतीसारखं गच्च होतं आणि मी त्याचा अर्थ 'गंज' असा लावला.

ड्रिल

आता कुलूप बाहेरून पोखरून काढायचं आणि जिभेला मागून मोकळं करायचं, हे पक्कं झालं. वरचं लंबगोल झाकण दोन बारीक रिबिटांवर बसलेलं. रिबिटांच्या मधोमध पंचानं टिंब मारून ३ मिलिमीटरच्या ड्रिलनं डोकी उडवली. झाकण मूळचं असल्यानं जपून ठेवलं. त्यावरची झडप मात्र केव्हाच गळून पडली होती, म्हणूनच कुंभारणीला दार उघडं मिळालं.

झाकणाखाली पांढऱ्या पिठाची कड दिसली. दुसरं दुखणं ते हेच. कुलपाचा देह जस्ताच्या ओतीव मिश्रधातूचा, भोक पोलादाचं, मध्ये पावसाळी ओल. असे दोन धातू ओलीत एकमेकांना टेकले की जस्त आधी झिजतं आणि पोलादाला वाचवतं. गॅल्व्हनाइज्ड पत्रा याच तत्त्वावर टिकतो. इथं त्याची गोड बाजू अशी की मानेचं भोक जवळपास नवं निघणार होतं. कडू बाजू अशी की झिजून तयार झालेलं पांढरं पीठ मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतं. चौदा वर्षं ते फुगत गेलं आणि देहाला पाचरीसारखं आवळत गेलं.

ड्रिल करण्याआधी दोन कामं केली. फोर्कच्या नळीत जुन्या बनियनचा बोळा सुतळीला बांधून जिभेच्या जरा खाली दाबून बसवला. आत काही पडलं तर ते चाकाकडे न जाता वर ओढून काढता यावं म्हणून. आणि ड्रिलच्या पात्यावर चिकटपट्टीची पताका लावली, म्हणजे ठरल्या खोलीवर ती पत्र्याला घासून सांगेल, थांब. केबली काढलेल्या होत्या, तरी पलीकडे फोर्कची नळी होती. तिला भोक पाडून मला काय मिळणार? ज्यांनी केबली न काढता हे काम केलं त्यांची ब्रेकची केबल कुठं गेली हे मी त्यांना विचारत नाही.

कुलपाच्या पितळी गाभ्यात, म्हणजे किल्ली फिरते त्या भागात, आधी ३, मग ५, मग ६.८ मिलिमीटर. वेग कमी, पात्याला ग्रीस, म्हणजे चुरा पात्याला चिकटून बाहेर येतो. पत्त्या एकेक करून तुटून ड्रिलला गुंडाळल्या जात होत्या. बारीक स्प्रिंगा उडून परातीत टणटण पडल्या. मामी दारात उभी होती. म्हणाली, "दात काढतोयस की काय त्याचे?" तसंच दिसत होतं.

ओढणं, आणि एकदा फसणं

गाभा गेला, देह मात्र जागचा हलेना. ६.८ च्या भोकात ८ चा टॅप मारून आटे पाडले. वर बॉक्स पान्याची मोठी गोटी उपडी ठेवली, जाड वॉशर, मधून ८ चा बोल्ट आणि नट. नट आवळला की बोल्ट देहाला गोटीच्या पोकळीत ओढणार. साधा पुलर.

आवळत गेलो. नट जड झाला, मग अचानक हलका. मला वाटलं आलं. बोल्ट हातात आला, आट्यांत अडकलेला जस्ताचा भुगा घेऊन. मऊ धातूतले आटे उपटले गेले होते.

चहा झाला आणि डोकं थोडं थंड झालं. मग उष्णतेचा विचार केला. इथं बरेच जण उलटं करतात. गरम केलं की धातू फुगतो, म्हणून गॅसची ज्योत मारायची. फुगतात दोन्ही, पण सारखे नाही. एक अंश तापमान वाढलं की मीटरभर पोलाद साधारण १२ मायक्रॉन वाढतं, पितळ १९, जस्ताचा हा मिश्रधातू जवळपास २७. म्हणजे तापवल्यावर आतलं कुलूप बाहेरच्या भोकापेक्षा जास्त फुगतं आणि आणखी आवळतं. १५ मिलिमीटर व्यासाला ८० अंश वाढ धरली तर हा फरक सुमारे १८ मायक्रॉन येतो, केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा. एवढ्याशाचंच काम असतं. तापलेलं असताना देह फुगतो आणि भोवतालचं पीठ चिरडतो. परत गार झाला की आकसतो, आणि मध्ये फट पडते. म्हणून तापवायचं, पण ओढायचं गार झाल्यावर. आणि ज्योत नकोच. हा मिश्रधातू ३८० अंशांच्या आसपास वितळू लागतो, रंग तर त्याच्या कितीतरी आधी जातो.

हॉट एअर गन घेतली, शील्डवर ओलं फडकं ठेवलं, पेट्रोलची टाकी आधीच उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली होती. मान हाताला चटका बसेल इतकी तापवायची, मग गार होऊ द्यायची, कडेनं दोन थेंब तेल सोडायचं. गार होताना पडणारी फट ते तेल आत ओढून घेते. आता कुठं तेलाला वाट मिळाली होती. असं तीन वेळा केलं. तिसऱ्या खेपेला कडेनं पांढरट दुधासारखं पाणी पाझरलं.

भोक ८.५ ला मोठं केलं आणि १० चा टॅप मारला. भिंत पातळ राहिली, ते मला हवंच होतं. पुलर लावला, नटाला पाव फेरा दिला, थांबलो, बोल्टच्या डोक्यावर हलका हातोडा मारला, परत पाव फेरा. सातव्या की आठव्या फेऱ्याला 'कट्' असा आवाज झाला. पहिल्यांदा वाटलं बोल्ट तुटला. पण देह चिरला होता, उभा, आणि आतल्या आत मिटत सुटत गोटीत आला. नारळाची करवंटी सुटावी तसा. पाठीमागची जीभ मात्र भोकातच राहिली. तिचं मूळ ज्या खोबणीत बसलेलं असतं ती माझ्या ड्रिलनं आधीच खाल्ली होती.

जीभ

आता भोकातून जिभेचं मूळ समोर दिसत होतं. पक्कडीनं धरून ओढलं. हलत होती, येत नव्हती. वाकलेलं टोक पलीकडून अडत होतं. मी कानशी शोधू लागलो, ड्रिलला बारीक बर, म्हणजे फिरती कानस, लावून ती आतच कापायची असा बेत.

कापायच्या आधी पुन्हा एकदा कॅमेऱ्यातून बघितलं आणि हसू आलं. टोक वाकलेलं होतं म्हणून जीभ बाहेर येत नव्हती. पण मूळ सरळ होतं. मग तिला बाहेर का आणायचं? आत जाऊ दे. पलीकडे पोकळ नळी, तिच्यात बोळा, बोळ्याला सुतळी.

मुळाशी एक बारीक खांदा होता, तो तेवढा बरनं घासून सपाट केला. गाडीच्या पोटाखाली क्रेट लावून पुढचं चाक अधांतरी केलं. पुतण्याला चाक डावीकडे दाबून धरायला सांगितलं, खाचेची कड जिभेवरून सरकेपर्यंत. कॅमेऱ्यात दोन्ही अंगांना उजेड दिसला तसा मी पंच मुळावर टेकवून हातोडीचे दोन टोले दिले. जीभ नळीत पडल्याचा आवाजही आला नाही, बोळ्यावर पडली ना. सुतळी ओढली आणि बनियनच्या चिंधीत गुंडाळलेली ती हातात आली.

पुतण्यानं चाक सोडलं. ते आपसूक सरळ झालं.

काय काय खराब निघालं

मानेचं भोक आतून पितळी ब्रशनं साफ केलं. पोलादाला खड्डे नव्हते, अंदाज बरोबर आला. खरी भीती फोर्कच्या नळीतल्या खाचेची होती. पाइपचा तो झटका जिभेनं जसा खाल्ला तसा खाचेच्या कोपऱ्यानंही खाल्ला असणार, आणि चिरा कोपऱ्यातूनच सुरू होतात. फोर्क खाली उतरवला, खाचेभोवती रॉकेल चोळलं, पाच मिनिटांनी कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. दोनदा केलं, रेघ आली नाही. खाचेची एक कड किंचित उचलली होती, ती कानशीनं बसवली. रेघ आली असती तर फोर्क बदलला असता, वेल्डिंगच्या नादी लागलो नसतो. पुढचं चाक धरणारी नळी आहे ती.

फोर्क उतरवल्यामुळं दुसरी गोष्ट कळली. मानेतले छर्रे चौदा वर्षं एकाच जागी उभे होते आणि खालच्या वाटीत प्रत्येकाच्या जागी बोटाला लागेल असा खळगा पडला होता. वाट्या आणि छर्रे दोन्ही बदलले. ते न बदलता गाडी चालवली असती तर हँडल त्या खळग्यांत टप्प्याटप्प्यानं फिरलं असतं, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखं.

नवं कुलूप पुण्यातून आणलं, नाना पेठेतून. चिरलेला देह पिशवीत घालून बरोबर नेला होता, ते बरं झालं. वेस्पाच्या घराण्यातल्या या कुलपांच्या अंगावर वाट दाखवणारी एक उभी पट्टी असते आणि ती ४ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर अशा दोन रुंदींत येते. दुकानदारानं गाडीचं नाव ऐकून हातात दिलेलं पहिलं कुलूप चुकीच्या पट्टीचं होतं. तिथंच काउंटरवर जुन्याशेजारी धरून बघितलं म्हणून वाईहून दुसरी फेरी वाचली.

बसवताना कुलपाच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात दिला, जस्त आणि पोलाद परत ओलीत भेटू नयेत म्हणून. किल्लीच्या भोकात मात्र ग्रीस नाही. तिथं पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली. ग्रीस धूळ धरतं आणि पत्त्या चिकटवतं. रिबिटं ठोकण्याआधी वीसेक वेळा लॉक करून उघडून बघितलं. रिबिट ठोकल्यावर चूक कळली तर परत ड्रिल हातात घ्यावं लागतं, आणि ते मला नको होतं.

एकूण हिशेब असा. तेलाचे चार दिवस वाया, खरं काम दीड दिवसाचं. खर्चात सगळ्यात महाग होते मानेचे छर्रे आणि वाट्या, कुलूप स्वस्त. परातीत जमलेला ऐवज अजून एका डबीत आहे. पत्त्यांचे तुकडे, पाच स्प्रिंगा, डिक्कीच्या किल्लीचं टोक, वाकडी जीभ. पुतण्या ती जीभ किल्लीच्या जुडग्याला लावायला मागतो, मी अजून दिलेली नाही.

मूळच्या झाकणाला नवी झडप घडवून लावली, स्प्रिंगेसकट. मामीनं एक किल्ली देवघराच्या खिळ्याला अडकवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, की कुंभारीण परत आली आहे आणि या खेपेला तिनं डिक्कीचं भोक निवडलं आहे.